वारसा केंद्राची किल्ली कोणाकडे? नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

वारसा केंद्र, म्हणजे परिसराचा इतिहास मांडून दाखवणारी जागा, उघडणं सोपं असतं. फीत, नारळ, शाल-श्रीफळ, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खरं काम तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं. ट्यूबलाइट गेलेली असते आणि ती बदलायची कोणी हेच ठरलेलं नसतं. अभिप्राय वहीचं पेन कोणीतरी नेलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या मशीनवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटलेला असतो, आणि तो कागदही जुना झालेला असतो.

मी इंदूरची. काही वर्षं एका दुसऱ्या, लहानशा गावातल्या पालिकेच्या केंद्रात मदतनीस म्हणून जात असे. तिथली किल्ली एकाच बाबूंकडे होती. मतदार याद्यांचं काम निघालं, बाबूंची नेमणूक तिकडे झाली आणि केंद्राला अकरा दिवस कुलूप. पाचव्या दिवशी एका शाळेची बस आली. मुलांनी ओट्यावर बसून डबे खाल्ले, जाळीतून आत डोकावून पाहिलं आणि परत गेली. एकाने मला विचारलं, “काकू, आत काय आहे?” मला सांगता आलं, पण दाखवता आलं नाही. तेव्हापासून अशा कुठल्याही जागेबद्दल माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: किल्ली कोणाकडे?

हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांच्या गळ्यात असं केंद्र नुकतंच पडलंय. तुम्ही पहिल्यांदा निवडून आलेले पार्षद, म्हणजे नगरसेवक, असाल, झोन कार्यालयातून इकडे पाठवलेले अधिकारी असाल, किंवा मोहल्ल्यातर्फे समितीवर घेतलेले निवृत्त मास्तर. उदाहरणं इंदूरची घेतलीत, कारण ती मला तोंडपाठ आहेत.

पहिली पायरी: किल्ली आणि खुर्ची

किल्लीचे तीन जुडगे करा. एक केंद्रप्रमुखाकडे, एक पहारेकऱ्याकडे, एक झोन कार्यालयात पाकिटात मोहोरबंद. कोणाकडे कुठला जुडगा आहे ते वहीत लिहून सही घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण माझ्या पाहण्यात जितकी केंद्रं बंद पडली त्यातली बरीचशी पैशाअभावी नाही, किल्लीअभावी पडली.

मग खुर्ची. केंद्रप्रमुख हे पद मंजूर करून घ्या, स्वतंत्र. ‘अतिरिक्त प्रभार’ हा शब्द आदेशात दिसला की सावध व्हा. ज्याच्याकडे मालमत्ता कराची वसुली आणि केंद्र दोन्ही आहे, तो मार्च महिन्यात केंद्रात दिसणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण असं काही निघालं की निगमचे, म्हणजे महानगरपालिकेचे, कर्मचारी उचलले जातातच. म्हणून सुरुवातीच्याच ठरावात लिहून घ्या, की प्रमुख इतर कामावर गेल्यास त्या दिवसापासून कोण बसेल. नावानिशी नको, पदानिशी लिहा.

समिती हवी, पण ती केवढी असावी? नऊ जण पुरे. निगमचे तीन, परिसरात राहणारे तीन, विषयातले जाणकार दोन, शाळा-कॉलेजातून एक. वाटणी थोडी इकडे-तिकडे झाली तरी चालेल. एक गोष्ट मात्र सोडू नका: सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपता कामा नये. मध्य प्रदेशात महापौर परिषद बदलली की खाली सगळंच बदलतं. नवी माणसं येतात, जुनी फाइल सापडत नाही, आणि केंद्र पुन्हा बाराखडीपासून सुरू होतं. दरवर्षी एक तृतीयांश सदस्य बदला, म्हणजे कोणाला तरी मागचं आठवत राहील.

समिती सल्ला देईल की निर्णय घेईल, हेही पहिल्याच बैठकीत कागदावर आणा. माझं मत असं: किती वाजता उघडायचं, काय मांडायचं, कोणाला बोलवायचं हे समितीने ठरवावं. पैसा, नेमणुका आणि इमारतीला हात लावणं निगमकडे राहावं. उलटं केलंत तर महापौर परिषदेत प्रदर्शनाच्या पाटीवरच्या शब्दांवरून वाद होतील, आणि समितीतले मास्तर प्लंबरच्या मागे धावतील.

दुसरी पायरी: इमारत कोणाची, आणि कुठला कायदा

इमारत जुनी असेल तर आधी तिची फाइल काढा. इंदुरात होळकरांचा राजवाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा, गांधी हॉल निगमचा, एखादी छत्री (समाधीचं स्मारक) ट्रस्टची, तर शेजारचा वाडा सात भावांचा. सगळ्यांना एकच नियम लागू होत नाही. राज्यसंरक्षित वास्तूला मध्य प्रदेशचा १९६४चा कायदा आहे. केंद्रसंरक्षित वास्तूला १९५८चा कायदा असून २०१०च्या दुरुस्तीने तिच्याभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीशिवाय नाही. म्हणजे केंद्रासाठी मागे पत्र्याची शेड टाकून स्वच्छतागृह करायचा विचार असेल, तर आधी फाइल, मग फावडं.

डागडुजीच्या निविदेबद्दल एक सूचना. सर्वात कमी दर देणाऱ्याला काम, या नियमाने जुन्या भिंतींचं फार नुकसान केलंय. कंत्राटदार येतो, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चढवतो, पहिलं वर्ष सगळं चकाचक. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. भिंतीत शिरलेलं पाणी आतच कोंडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून पोपडे पडतात, सोबत जुनी वीटही घेऊन येतात. म्हणून दोन लिफाफ्यांची पद्धत घ्या. पहिल्या लिफाफ्यात त्याने आधी चुन्यात काम केलंय का, कारागीर कोण, चुना किती दिवस भिजवणार, सुरखी (विटांची भुकटी) कुठली, हे सगळं. तो उत्तीर्ण झाला तरच दुसरा लिफाफा उघडायचा. गूळ, बेलफळ, मेथी, उडीद घालून चुना मळणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत. ते निविदेच्या पोर्टलवर सापडत नाहीत एवढंच.

तिसरी पायरी: मांडायचं काय ते बाहेर फिरून ठरवा

इथे जरा थांबते, कारण बहुतेक केंद्रं इथेच फसतात. समितीची पहिली बैठक होते, कोणीतरी म्हणतं “होळकरांचा इतिहास मांडू”, सगळे माना डोलावतात. दोन महिन्यांनी भिंतीवर वंशावळ, तलवारीचे फोटो आणि अहिल्यादेवींचं तैलचित्र. पाहायला येणारा ते दहा मिनिटांत पाहतो आणि बाहेर पडतो. त्याच्या हाती काय लागलं? जे त्याला मोबाइलवरही मिळालं असतं तेच.

इंदूरला एक माणूस येऊन गेला होता, त्याची आठवण अशा समित्यांनी ठेवायला हवी. पॅट्रिक गेडेस, स्कॉटलंडचा नगररचनाकार. होळकर दरबाराने त्याला शहराचा आराखडा करायला बोलावलं आणि १९१८मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल छापून झाला. त्याचा एक हेका होता: आधी पाहणी, मग योजना. तो गल्लीबोळांतून पायी फिरायचा. सरसकट पाडापाड न करता एखादी पडकी भिंत काढून, एखादा कोपरा मोकळा करून वस्तीला हवा मिळेल का, हे बघायचा.

त्या वेळी इंदुरात प्लेगची धास्ती होती. गेडेसने काय करावं? दिवाळीची मिरवणूक काढली. मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार? ज्या भागातली घरं सर्वात जास्त झाडली-सावरली असतील, त्या. झालं, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चुरस लागली. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस होता, भलाथोरला उंदीर होता, आणि सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत, रंगवलेल्या गाड्यांसह मानाने चालत होते. २०१७पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या आपल्या शहरात ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? माझ्या मते इंदूरच्या कुठल्याही वारसा केंद्राची पहिली भिंत हीच असायला हवी. कारण तिच्यात राजाही आहे आणि झाडूवालाही, आणि आजचं शहरही.

याच गेडेसने एडिंबरामध्ये १८९२ साली एक मनोरा घेऊन त्याचं शहर-संग्रहालय केलं होतं. त्याची मांडणी मोठी मजेशीर. पाहणाऱ्याला आधी थेट गच्चीवर न्यायचं. तिथे भिंग-आरशांच्या अंधाऱ्या खोलीत खालच्या शहराचं हलतं चित्र टेबलावर उमटायचं. मग एकेक मजला उतरत यायचं: आधी शहर, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारं जग, मग युरोप, सर्वात खाली पृथ्वी. म्हणजे सुरुवात आपल्या पायाखालच्या गल्लीपासून. आपण नेमकं उलट करतो. ‘भारताचा गौरवशाली इतिहास’ पासून निघतो आणि गल्लीपर्यंत पोचायच्या आत भिंत संपते.

तेव्हा तुमची पाहणी अशी करा. केंद्रापासून पायी पंधरा मिनिटांचा परीघ घ्या. चार जणांच्या तीन टोळ्या, तीन रविवार. वही, मोबाइल आणि पाण्याची बाटली. प्रत्येक घर, दुकान, देऊळ, दर्गा, विहीर, पार, आखाडा, जुनी पाटी टिपायची. वयस्कर माणूस भेटला की बसायचं, घाई करायची नाही. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जितकी माहिती मिळेल तितकी कित्येक ग्रंथांत मिळणार नाही. आवाज रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा आणि होकारही रेकॉर्ड करून ठेवा.

आणि एक घरचीच गोष्ट सांगते, राग मानू नका. आपण मराठी माणसं इथे एक चूक हमखास करतो. इंदूर म्हणजे होळकर, होळकर म्हणजे आपण, असं समजून पाट्या लिहितो. शहर व्यापाऱ्यांनी, जैन शेठांनी, बोहऱ्यांनी, फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांनी, माळवी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि गिरणी कामगारांनीही घडवलंय. हुकुमचंद शेठांचं काच मंदिर या गोष्टीत नसेल तर गोष्ट लंगडी. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, आणि कामगारांची थकबाकी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. त्या बत्तीस वर्षांच्या आठवणी कोणाच्या भिंतीवर आहेत? अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात. त्या रात्रभर जागून बांधणाऱ्यांकडून त्यांच्या तारा, बांबू, मोटारी, जुने फोटो मागून आणा. तलवारीपेक्षा लोक तिथे जास्त वेळ उभे राहतात, हे मी स्वतः पाहिलंय.

चौथी पायरी: ‘नाही’ म्हणायला शिका

केंद्र उघडल्याची बातमी पसरली की लोक वस्तू घेऊन येतात. आजोबांची पगडी, पितळी दिवे, सागवानी पेटी, मोडी कागदांचं गाठोडं, आणि हमखास एक बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ. माणसं भरल्या डोळ्यांनी देतात, त्यामुळे नको म्हणवत नाही. वर्षभरात केंद्राची अडगळीची खोली होते.

मी सांगितलं त्या केंद्रात एका घराण्याने मोठी ट्रंक दिली. पावती नाही, यादी नाही. तीन वर्षांनी त्या घरची नात आली, म्हणाली आजीने फक्त ठेवायला दिली होती. खरं काय, कोणालाच सांगता येईना. तिचंही बरोबर असेल, दिली म्हणणाऱ्यांचंही. शेवटी ट्रंक परत गेली, आणि त्यातली पत्रं कोणी उतरवूनही घेतली नव्हती.

म्हणून पहिल्या दिवसापासून दोनच कागद ठेवा. एक दानपत्र: ही वस्तू कायमची दिली, सही, साक्षीदार. दुसरं उसनवारीपत्र: अमुक तारखेपर्यंत ठेवायला दिली, परत न्यायची जबाबदारी कोणाची. तिसरा प्रकार नाही. “असू द्या हो, बघू नंतर” हा तिसरा प्रकार, आणि तोच घात करतो.

वस्तू घ्यायची की नाही, हे तीन प्रश्नांवर ठरवा. आपल्या परिसराच्या गोष्टीत तिची जागा आहे का? तशीच आपल्याकडे आधी आहे का? तिला सांभाळणं झेपेल का? एकाचं उत्तर चुकलं तर नम्रपणे फोटो काढून घ्या, गोष्ट टिपून घ्या आणि वस्तू त्यांच्या घरी राहू द्या. घरात जपलेली वस्तू हासुद्धा वारसाच आहे.

घेतलीत तर त्याच दिवशी नोंदवहीत क्रमांक. पद्धत सोपी: वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, आणि त्यातली कितवी वस्तू. २०२५.१४.३ म्हणजे २०२५ सालच्या चौदाव्या दानातली तिसरी वस्तू. नोंदवही पक्क्या बांधणीची असावी, पानांना क्रमांक असावेत आणि ती शाईने भरावी. संगणकावर नोंद कराच, पण वही आधी. वीज जाते, पासवर्ड विसरले जातात, वही राहते.

कायद्याचंही भान असू द्या. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं वगैरे वस्तू पुरावस्तू ठरतात. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षंच पुरतात. काही प्रकारांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. आणि पाया खोदताना सापडलेली नाण्यांची मडकी घेऊन कोणी आलं, तर चहा पाजा पण मडकं ठेवून घेऊ नका. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये! इंग्रज गेले, महागाई आली, दहा रुपये तसेच.

कागद आणि कापड सांभाळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही. मोडी कागद लॅमिनेट करू नका, कितीही आग्रह झाला तरी. सेलोटेप नको. स्टेपलच्या पिना आधी काढा, त्या गंजतात. आपल्या आज्या पोथ्या लाल कापडात बांधून आत वेखंडाची पुरचुंडी ठेवत, ते चांगलंच होतं. फक्त पुरचुंडी कागदाला टेकता कामा नये आणि वर्षाकाठी बदलायला हवी. कसर लागलेलं कापड असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवतात, मग पिशवी न उघडता सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ देतात. औषध फवारू नका. उजेडाचं म्हणाल तर कागद-कापडाला ५० लक्सच्या वर नको. सोप्या भाषेत, देवघरात संध्याकाळी जितका उजेड असतो तितका. पैठणी खिडकीसमोर टांगलीत तर तिचा जांभळा रंग तुमच्या देखत उडेल. तीन-चार महिन्यांनी वस्तू आत ठेवा, दुसरी बाहेर काढा.

मोडी वाचणारी माणसं कमी होत चाललीत. होळकर काळातले घरगुती कागद बहुतेक मोडीतच. तेव्हा स्कॅन आधी करा, निदान ३०० डीपीआयने, फाइलचं नाव म्हणजे नोंदवहीतला क्रमांक. एक प्रत केंद्रात, एक निगमच्या संगणकावर, एक वेगळ्याच इमारतीत. वाचन होत राहील. शनिवारी दोन तास मोडी वर्ग ठेवलात तर वाचणारेही तिथेच तयार होतील.

पाट्या

पाटी उभ्याने वाचली जाते, त्यामुळे एका पाटीवर पन्नास-साठ शब्द, त्याहून जास्त नाही. हिंदी आधी, मग इंग्रजी, मग मराठी. हो, मराठी तिसरी. येणाऱ्यांत हिंदी वाचणारे सर्वात जास्त, हे मान्य करायला काय हरकत आहे? पण भाषांतर करू नका, प्रत्येक भाषेत नव्याने लिहा. मराठी पाटीत ‘ओसरी’, ‘देवडी’, ‘माजघर’ येऊ द्या. ते शब्द हिंदीत मावत नाहीत म्हणून मराठीतूनही का गाळायचे?

तारखा दोन जणांनी तपासा. राजवाड्यापाशी अहिल्यादेवींची गोष्ट सांगताना त्यांची राजधानी महेश्वर होती हे विसरलं जातं. इंदूर होळकरांची राजधानी झाली १८१८मध्ये, मंदसौरच्या तहानंतर, म्हणजे अहिल्यादेवींच्या निधनाला तेवीस वर्षं झाल्यावर. गांधी हॉल १९०४चा, तेव्हा त्याचं नाव किंग एडवर्ड हॉल. अशा गोष्टी चुकल्या की शाळेतली मुलं तीच चूक वहीत उतरवून नेतात.

वेळ, तिकीट, संडास

दहा ते पाच, रविवारी सुट्टी: हे ऑफिसचं वेळापत्रक झालं, केंद्राचं नाही. राजवाडा परिसरात माणूस येतो तो संध्याकाळी खरेदीला, आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री खायला. दुपारी बारा ते आठ ठेवा, सुट्टी सोमवारी. महिन्यातून एक शनिवार रात्री दहापर्यंत उघडं ठेवून बघा. सकाळ शाळांसाठी, आधी कळवून.

तिकीट दहा-वीस रुपये, परिसरातल्या लोकांना आणि विद्यार्थ्यांना मोफत. संडास स्वच्छ, पाणी गार, बाकड्याला पाठ. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. यात काटकसर करून एकास सहाचा रॅम्प बांधतात, त्यावरून व्हीलचेअर चढत नाही, मोटारसायकल मात्र चढते. आत उपाहारगृह नको. जुन्या वास्तूत गॅसची शेगडी ही कल्पनाच मला सहन होत नाही. कोपऱ्यावरच्या पोहे-जिलबीवाल्याशी बोलून घ्या, त्याचाही धंदा होईल.

माणसं

मार्गदर्शक परिसरातलेच घ्या. झांकी बांधणारे काका, सराफ्यातली सून, आर्ट कॉलेजचं पोर. त्यांना महिनाभर शिकवा, पाठांतर करून घेऊ नका. “मला माहीत नाही, बघून सांगतो” हे वाक्य मात्र घोकून घ्या. मानधन ठरवाल ते थोडं असलं तरी चालेल, पण सात तारखेच्या आत द्या. फुकट काम करणारा पहिल्या उत्साहात सहा महिने येतो, मग घरून फोन येतात. मानधनाचं बिल चार टेबलं फिरून येणार असेल तर केंद्रप्रमुखाला एका मर्यादेपर्यंत थेट खर्चाचा अधिकार द्या. बल्बसाठीही तोच अधिकार उपयोगी पडतो.

मुलांच्या सहलीला एका वेळी तीसच्या वर नको, आणि हातात काहीतरी द्या: खडू, दोरी, जुन्या फरशीचा ठसा घ्यायला कागद. माइकवरून भाषण नको. भाषण ऐकायला त्यांना शाळा आहेच.

पैसा

बांधायला निधी मिळतो, राज्याकडून, आमदार-खासदारांकडून; मार्च २०२५पर्यंत स्मार्ट सिटीतूनही मिळत असे. चालवायला मिळत नाही. म्हणून प्रस्तावासोबतच पाच वर्षांच्या चालू खर्चाचा तक्ता जोडा: पगार, पहारा, सफाई, वीज, विमा, जतन, छपाई. तो तक्ता नसेल तर समितीने सही करू नये, इतकं माझं मत ठाम आहे. तिकिटाचे पैसे निगमच्या सर्वसाधारण खात्यात जाऊन विरघळतात, तेव्हा अंदाजपत्रकात केंद्राचं वेगळं शीर्ष मागून घ्या. आणि तिकिटातून केंद्र चालेल हे स्वप्न सोडा. वाचनालय, बाग यांच्याकडून आपण नफा मागतो का?

सभागृह भाड्याने द्यायचं झालं तर नियम कडक ठेवा. एक लग्न लावलंत की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि जुन्या खांबांना खिळे ठोकून तोरणं लागतात.

आग, पाणी आणि रंग

राजवाडा सात मजली, खाली दगड, वर लाकूड. १९८४च्या दंगलीत तो जळाला, हे आमच्या पिढीने पाहिलंय. त्यामुळे आगीची गोष्ट इंदुरात पुस्तकी नाही. वायरिंग दरवर्षी तपासा, विशेषतः एसी लावल्यानंतर. जुन्या वायरी पंख्यांसाठी होत्या. आग विझवायची नळकांडी सगळीकडे, पण कागदांच्या खोलीत पावडरची नको. ती आग विझवते आणि कागद नासवते. तिथे कागदाच्या आगीला चालणारी ‘क्लीन एजंट’ वायूची ठेवा. वर्षातून दोनदा रंगीत तालीम: पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची. शिपाई, मावशी, मार्गदर्शक, सगळ्यांनी एकदा तरी हातात घेऊन. वस्तूंपैकी सर्वात आधी उचलायच्या दहा कुठल्या, ती यादी पहारेकऱ्याकडे.

पावसाआधी, मे अखेरीला, गच्चीच्या पन्हाळ्या साफ. पिंपळाचं रोप भिंतीत दिसलं तर बोटभर असतानाच काढा. पुढच्या वर्षी ते मुळासकट निघणार नाही आणि पूजाही सुरू झालेली असेल.

आणि रंगपंचमी. इंदूरची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, राजवाड्यावरून जाते, रंगाच्या तोफा तीन-चार मजल्यांपर्यंत उडतात. मार्गावर केंद्र असेल तर आदल्या दिवशी दारं, कोरीव खांब आणि पाट्या ताडपत्रीने झाका. मिरवणूक संपली की त्याच संध्याकाळी ताडपत्री काढा, नाहीतर ओल आत कोंडते. त्या दिवशी केंद्र बंद ठेवायचं की ओट्यावरून गेर दाखवायची? मी तर ओट्यावर चार खुर्च्या आजी-आजोबांसाठी मांडेन. गेरही वारसाच आहे, फक्त तो अंगावर येतो.

बाहेर पाठवा, आणि मग मोजा

केंद्र म्हणजे वाड्याची ओसरी. पाहुणा तिथे टेकतो, पाणी पितो, आणि आत जातो. इथे ‘आत’ म्हणजे शहर. केंद्रातून बाहेर पडणाऱ्याच्या हातात एका पानाचा नकाशा हवाच. राजवाड्यापासून निघून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, नदीचा पूल, बोळिया सरकारांची छत्री, पुढे गांधी हॉल, असा पायी तासाभराचा रस्ता होतो. दुसरा रस्ता सराफ्यातून काच मंदिरापर्यंत. तिसरा गिरण्यांचा, रिक्षाने. नकाशावर बसायच्या जागा, पाणी आणि सावली दाखवा. एप्रिलमध्ये तीच माहिती इतिहासाहून मोलाची ठरते.

महिन्याअखेरीस अहवाल लागतो, त्यात फक्त ‘भेट देणाऱ्यांची संख्या’ लिहून पाठवतात. ती लिहाच, पण सोबत आणखी चार आकडे ठेवा. किती जण दुसऱ्यांदा आले. किती नकाशे गेले. परिसरातले किती आले. आणि किती तास केंद्र ठरल्या वेळेत प्रत्यक्ष उघडं होतं. हा शेवटचा आकडा रोज पहारेकऱ्याने लिहायचा: उघडलं किती वाजता, कोणी, कुठल्या जुडग्याने. समितीच्या बैठकीत चहा येण्याआधी ते पान सगळ्यांना दाखवा. ज्या दिवसापुढे रकाना कोरा असेल, त्या दिवसाबद्दल आधी विचारा.